पर्वतीय मेघबीजन

पर्वतांवरील हिवाळी मेघांत कृत्रिम रीतीने हिमकेंद्रके सोडून त्यांतून पडणाऱ्या बर्फाचे प्रमाण वाढविणे आणि तो बर्फ वितळल्यावर नद्या व जलाशय यांना मिळणाऱ्या पाण्यात भर घालणे, या प्रक्रियेस पर्वतीय मेघबीजन म्हणतात. मेघबीजनाने नवे मेघ निर्माण करता येत नाहीत. मेघांत असलेल्या, पण जमिनीवर न पडता वाऱ्याबरोबर पर्वत ओलांडून जाणाऱ्या पाण्याचा काही अंश खाली आणता येतो, एवढेच या तंत्राचे कार्य आहे. गारांना आळा घालणे, विमानतळावरील धुके हटविणे, उष्ण प्रदेशातील मेघांतून पाऊस पाडणे इत्यादींसाठीही मेघबीजनाचे प्रयोग झाले आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पर्वतीय जलसंचयाच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

पर्वतावरील बर्फाचा थर हा एक नैसर्गिक जलाशयच असतो. हिवाळ्यात पडलेला बर्फ उतारांवर साचून राहतो आणि वसंत व ग्रीष्म ऋतूंत हळूहळू वितळून, शेतीला व शहरांना पाण्याची गरज वाढते त्या सुमारास, नद्यांत उतरतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या (अ. सं. सं.) पश्चिम भागात हे विशेषेकरून दिसते. तेथील कोलोरॅडो नदीवर सु. ४ कोटी लोक पाण्यासाठी अवलंबून असून नदीचे बहुतांश पाणी रॉकी पर्वतावरील बर्फापासून येते. या पाण्याची राज्याराज्यांतील वाटणी १९२२ च्या करारान्वये झालेली आहे. परंतु कराराने गृहीत धरले तेवढे पाणी नदीत नेहमी असत नाही. २००० नंतर या खोऱ्यात दीर्घकाळ अवर्षण पडले व २०२२ मध्ये मीड जलाशयाची पातळी तो १९३०–४० या दशकात प्रथम भरल्यानंतरच्या नीचांकास गेली. अशा परिस्थितीत डोंगरावरील बर्फात थोडी भर घालता आली, तर तीही मोलाची ठरते. पर्वतीय मेघबीजनाविषयी पाणीपुरवठा संस्थांना व जलविद्युत् कंपन्यांना आस्था वाटते ती यामुळेच.

तत्त्व : आर्द्र हवा पर्वताच्या वाताभिमुख उतारावरून वर चढताना प्रसरण पावते, थंड होते व तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू बनून मेघ तयार होतो. पाणी ०° से. तापमानास गोठते असे सामान्यतः मानले जात असले, तरी मेघांतील शुद्ध व अतिसूक्ष्म बिंदू त्याहून पुष्कळ कमी तापमानातही द्रवरूपात राहू शकतात. अशा बिंदूंना अतिशीतित जलबिंदू म्हणतात. परकीय कणाचे साहाय्य नसेल, तर ते सु. −३८° से. पर्यंत गोठत नाहीत. त्यापेक्षा अधिक तापमानास गोठण्यासाठी धुळीच्या विशिष्ट कणांची, म्हणजे हिमकेंद्रकांची, आवश्यकता असते. शून्याखाली थोड्याच अंशांपर्यंत थंड झालेल्या मेघात कार्यक्षम नैसर्गिक हिमकेंद्रके फार विरळ असतात. त्यामुळे पुष्कळसे अतिशीतित पाणी तसेच पर्वतापलीकडे जाते व वातविमुख उतारावर हवा खाली उतरून तापली, की त्याचे पुन्हा बाष्प होते.

एकाच तापमानास बर्फावरील संपृक्त बाष्प दाब अतिशीतित पाण्यावरील दाबापेक्षा कमी असतो. उदा., −१०° से. तापमानास पाण्याच्या संदर्भात संपृक्त असलेली हवा बर्फाच्या संदर्भात सु. १० टक्के अतिसंपृक्त असते. म्हणून जलबिंदूंच्या गर्दीत एखादा हिमस्फटिक तयार झाला, की बाष्प त्याच्यावर साचत जाते, भोवतालचे जलबिंदू आटत जातात आणि स्फटिक वाढून जड होऊन खाली पडतो. आल्फ्रेट व्हेगेनर यांनी १९११ मध्ये सुचविलेल्या या कल्पनेचा पुढे टॉर बेर्गेरॉन व व्हाल्टर फिंडाइझेन यांनी विकास केला. ज्या मेघात पाणी पुरेसे पण हिमकेंद्रके अपुरी आहेत, त्यात ती बाहेरून पुरविणे हे मेघबीजनाचे तत्त्व होय. केंद्रके मुळातच विपुल असतील, तर आणखी सोडून काही साध्य होत नाही. उलट उपलब्ध पाणी असंख्य स्फटिकांत वाटले जाऊन ते सर्वच लहान राहण्याचा संभव असतो.

इतिहास : अ. सं. संस्थानांतील स्कनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांना १९४६ च्या जुलैमध्ये असे आढळले की, शीतपेटीतील अतिशीतित धुक्यात शुष्क बर्फाचा (घनरूप कार्बन डाय-ऑक्साइडाचा) तुकडा टाकताच असंख्य हिमस्फटिक तयार होतात. १३ नोव्हेंबर १९४६ रोजी त्यांनी मॅसॅचूसेट्स राज्यातील ग्रेलॉक पर्वताजवळ विमानातून एका मेघावर शुष्क बर्फ टाकला. मेघाखाली हिमवृष्टी झालेली दिसली. पण ती जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच हवेत विरून गेली. त्याच महिन्यात बर्नार्ड व्हॉनेगट यांनी स्फटिकरचनांची कोष्टके तपासून सिल्व्हर आयोडाइडाची निवड केली. या संयुगाची स्फटिकरचना बर्फाच्या रचनेशी अतिशय मिळतीजुळती असल्यामुळे त्याच्या कणावर बर्फ सहज साचू लागतो. शुष्क बर्फ प्रत्यक्ष मेघात नेऊन टाकावा लागतो. सिल्व्हर आयोडाइडाचा धूर मात्र डोंगरपायथ्याशी निर्माण करून वाऱ्याबरोबर वर पाठविता येतो. पर्वतीय मेघबीजनाचा मार्ग या गुणधर्मामुळे खुला झाला.

शास्त्रीय कसोट्या पूर्ण होण्यापूर्वीच या तंत्राचा व्यावसायिक वापर सुरू झाला. कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडा पर्वतात जलविद्युत् केंद्रांच्या पाणलोट क्षेत्रांत १९५० च्या सुमारापासून मेघबीजन होऊ लागले. ऑस्ट्रेलियात स्नोई पर्वतावर १९५५ ते १९५९ या काळात प्रयोग झाले. परंतु त्यांच्या निष्कर्षांविषयी एकमत होऊ शकले नाही. कोलोरॅडो राज्यातील क्लायमॅक्स येथे ल्यूइस ग्रँट व त्यांचे सहकारी यांनी १९६० ते १९७० या काळात दोन मालिकांत यादृच्छिक प्रयोग केले. मेघमाथ्याचे तापमान फार कमी नसताना बीजनाने हिमवृष्टी लक्षणीय प्रमाणात वाढते, असा निष्कर्ष त्यांवरून काढण्यात आला. त्याच्या आधारे दक्षिण कोलोरॅडोतील सॅन वॉन पर्वतात १९७० ते १९७५ या काळात मोठा पथदर्शी प्रकल्प राबविण्यात आला. पण त्यातून निर्णायक उत्तर मिळाले नाही. पुढे क्लायमॅक्स प्रयोगांच्या आकडेवारीचे पुनर्विश्लेषण झाले, तेव्हा मूळ निष्कर्षांविषयीही शंका उपस्थित झाल्या. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अ. सं. संस्थानांत या संशोधनावर प्रतिवर्षी सु. २ कोटी डॉलर खर्च होत असत. २००३ पर्यंत ही रक्कम ५ लाख डॉलरांच्याही खाली आली. विशेष म्हणजे संशोधन ओसरले, तरी पाणीपुरवठा संस्थांचे व वीज कंपन्यांचे बीजन चालूच राहिले.

पद्धती : बीजनद्रव्य मेघात पोहोचविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत पर्वताच्या वाताभिमुख बाजूस, शक्य तेवढ्या उंचीवर, भूस्थित जनित्रे उभारतात. सिल्व्हर आयोडाइडाचा ॲसिटोनातील विद्राव प्रोपेन वायूच्या ज्योतीत जाळला असता अतिसूक्ष्म कणांचा धूर निर्माण होतो. १ ग्रॅम सिल्व्हर आयोडाइडापासून पुरेशा थंड मेघात दहा लाख कोटींहून अधिक हिमकेंद्रके मिळू शकतात. बर्फामुळे हिवाळ्यात या जागी जाणे अवघड असल्याने बहुतेक जनित्रे दूरनियंत्रणाने चालवितात. दुसऱ्या पद्धतीत विमानाच्या पंखांवर बसविलेल्या किंवा मेघात वरून सोडलेल्या ज्वालकांतून तेच द्रव्य पसरविले जाते. विमानाने ते हव्या त्या थरात अचूक पोहोचविता येते, पण खर्च अधिक येतो व अतिशीतित जलबिंदूंच्या मेघांतील उड्डाणात विमानावर बर्फ साचण्याचा धोका असतो. अलीकडे मानवरहित विमानांचाही उपयोग होऊ लागला आहे. सिल्व्हर आयोडाइड सु. −६° से. पेक्षा कमी तापमानातच चांगले कार्य करते. त्याहून उबदार मेघांसाठी द्रवरूप प्रोपेन हवेत फवारतात. त्याच्या बाष्पीभवनाने हवा एकाएकी अतिशय थंड होऊन हिमस्फटिक बनतात.

कोणत्या वादळाच्या वेळी बीजन करावयाचे, हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा असतो. मेघात अतिशीतित पाणी असणे, बीजनाच्या थरातील तापमान योग्य असणे आणि वारा धुरास लक्ष्य क्षेत्राकडे नेणारा असणे, या तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. पायथ्याशी थंड व स्थिर हवा साचली असेल, तर धूर वर चढतच नाही. जनित्राचे स्थानही विचारपूर्वक ठरवावे लागते. स्फटिक वाढून खाली येण्यास २० ते ३० मिनिटे लागली आणि वाऱ्याचा वेग सेकंदास १० ते १५ मी. असला, तर बीजनस्थानापासून १२ ते २७ किमी. अंतरावर बर्फ पडेल. जनित्र फार जवळ असल्यास तो लक्ष्याच्या पलीकडील खोऱ्यात पडतो.

परिणामांचे मूल्यमापन : बीजन केल्यावर बर्फ पडला, एवढ्यावरून तो बीजनाने पडला असे सिद्ध होत नाही. बीजनासाठी निवडलेल्या मेघांतून एरवीही बर्फ पडणारच असतो आणि पर्वतावरील हिमवृष्टी वर्षावर्षाला इतकी बदलते की, काही टक्क्यांची वाढ त्या चढउतारांत सहज लपून जाते. यासाठी यादृच्छिक प्रयोग करतात. योग्य वादळ आले, की बीजन करावयाचे की नाही हे पूर्वनियोजित चिठ्ठीने ठरवितात व पुढे दोन्ही गटांतील हिमवृष्टीची तुलना करतात. अनुकूल दिसणारी वादळे निवडून घेण्याच्या मानवी प्रवृत्तीस त्यामुळे आळा बसतो.

अ. सं. संस्थानांच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये सर्व पुराव्याचा आढावा घेऊन, हेतुपुरस्सर केलेल्या हवामान-परिवर्तनाच्या परिणामकारकतेस खात्रीलायक शास्त्रीय पुरावा अद्याप नाही, असा निर्वाळा दिला; मात्र पर्वतीय हिवाळी मेघांच्या बाबतीत पुरावा अधिक आशादायक असल्याचे मान्य केले. त्यानंतर वायोमिंग राज्याने मेडिसिन बो व सिएरा माद्रे या शेजारच्या दोन पर्वतरांगांवर २००८ ते २०१४ या काळात प्रयोग केला. प्रत्येक अनुकूल वादळाच्या वेळी दोहोंपैकी एकाच रांगेवर बीजन करून दुसरीशी तुलना करण्यात आली. मुख्य सांख्यिकीय विश्लेषणात केवळ ३ टक्के वाढ दिसली आणि ती निव्वळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता २८ टक्के होती. म्हणजे हा निष्कर्ष निर्णायक नव्हता. प्रतिमाने व इतर निरीक्षणे विचारात घेऊन बीजनयोग्य वादळांतील वाढ ५ ते १५ टक्के असावी, असा अंदाज करण्यात आला. परंतु हिवाळी वर्षणापैकी सु. ३० टक्केच वर्षण अशा वादळांतून होत असल्याचेही दिसून आले.

जानेवारी ते मार्च २०१७ मध्ये आयडाहो राज्यातील पेएट नदीच्या खोऱ्यात झालेल्या ‘स्नोई’ या प्रयोगात निराळी दिशा स्वीकारण्यात आली. एका विमानाने वाऱ्याच्या आडव्या दिशेने ये-जा करीत बीजन केले, तर दुसऱ्या विमानातील उपकरणांनी व जमिनीवरील रडारांनी मेघाचे निरीक्षण केले. विमानाच्या मार्गाशी जुळणाऱ्या नागमोडी रेषा रडारवर स्पष्ट दिसल्या आणि सोडलेल्या कणांपासून स्फटिक बनून ते वाढत जमिनीपर्यंत पोहोचतात, ही साखळी प्रथमच सलगपणे पाहता आली. नैसर्गिक हिमवृष्टी अत्यल्प असलेल्या तीन प्रसंगी बीजनाने पडलेल्या बर्फाचे पाणी सु. १.२ लाख, २.४ लाख व ३.४ लाख घ. मी. भरले. यावरून पर्वतीय मेघबीजनाची यंत्रणा खरी असल्याचे सिद्ध झाले. तथापि एका प्रसंगी बर्फ पडतो हे दाखविणे आणि संपूर्ण हिवाळ्यात नदीचे पाणी किती वाढते हे सांगणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. अ. सं. संस्थानांच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालात विविध अभ्यासांतील वर्षणवाढीचे अंदाज ० ते २० टक्के असे नमूद केले आहेत.

पूर्वीचा आशादायक निष्कर्ष पुढे टिकत नाही, याचे उदाहरण इझ्राएलमध्ये मिळते. तेथे १९६१ ते १९६७ या काळातील प्रयोगात सु. १५ टक्के वाढ आढळल्याचे प्रसिद्ध झाले व गॅलिली सरोवराच्या पाणलोट क्षेत्रात दीर्घकाळ बीजन चालू राहिले. त्याच प्रदेशात २०१३ ते २०२० या काळात झालेल्या यादृच्छिक प्रयोगात वाढ केवळ १.८ टक्के व तीही सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण नसलेली आढळली. त्यानंतर हे बीजन थांबविण्यात आले.

जलव्यवस्थापनातील स्थान : या तंत्रापासून प्रत्यक्ष किती पाणी मिळेल, हे एका काल्पनिक उदाहरणावरून समजून घेता येते. १,००० चौ. किमी. च्या पाणलोट क्षेत्रात हिवाळ्यात ५०० मिमी. पाण्याइतका बर्फ पडतो, त्यापैकी ३० टक्के बर्फ बीजनयोग्य वादळांतून येतो व बीजनाने त्यात १० टक्के वाढ होते, असे मानल्यास एकूण वाढ ३ टक्के, म्हणजे १५ मिमी. होईल. हे पाणी १.५ कोटी घ. मी. भरते. त्यातील काही भाग बाष्पीभवनाने व जमिनीत मुरून कमी होतो. तरीही जनित्रांचा खर्च तुलनेने अल्प असल्यामुळे हा सौदा फायद्याचा ठरू शकतो. परंतु अवर्षणाच्या वर्षी बर्फ निम्माच पडला, तर त्याच टक्केवारीने मिळणारे पाणीही निम्मे, म्हणजे ७५ लाख घ. मी. होते. मेघच आले नाहीत, तर काहीच मिळत नाही. गरज अधिक तेव्हा लाभ कमी, ही या तंत्राची मूलभूत मर्यादा आहे. म्हणून अवर्षण पडल्यावर घाईने योजावयाचा उपाय या नात्याने त्याचा उपयोग नाही. चांगल्या वर्षांत नियमितपणे बीजन करून अधिकचे पाणी धरणांत साठविणे, हाच त्याचा योग्य वापर होय. पाण्याची काटकसर, गळती रोखणे व मागणीचे नियमन यांना मेघबीजन पूरक ठरू शकते, पर्यायी नव्हे. तापमानवाढीमुळे हिवाळी वर्षणातील बर्फाचा वाटा घटत आहे व बीजनयोग्य थंड थरही अधिक उंचीवर सरकतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

खर्च कोणी करावयाचा, याची एक वेगळी व्यवस्था कोलोरॅडो खोऱ्यात निर्माण झाली आहे. नदीच्या खालच्या भागातील नेव्हाडा, ॲरिझोना व कॅलिफोर्निया या राज्यांतील पाणीपुरवठा संस्था वरच्या भागातील कोलोरॅडो, यूटा व वायोमिंग या राज्यांत होणाऱ्या बीजनास अर्थसाहाय्य देतात. यूटा राज्याने २०२३ मध्ये या कार्यासाठी १.२ कोटी डॉलर एकरकमी व प्रतिवर्षी ५० लाख डॉलर मंजूर केले. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने २००४ मध्ये खास कायदा करून स्नोई पर्वतावरील नव्या प्रयोगास परवानगी दिली. त्यात सिल्व्हर आयोडाइडाबरोबर हिमनिर्मितीत भाग न घेणारे इंडियमाचे संयुगही सोडण्यात आले. लक्ष्य क्षेत्रातील बर्फात दोहोंचे प्रमाण तपासून, चांदी बर्फाबरोबर नुसती वाहून आली की तिच्यामुळे बर्फ तयार झाला, हे ओळखता येते.

पर्यावरण, सुरक्षितता व कायदा : सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. बीजन केलेल्या बर्फात आढळणारे चांदीचे प्रमाण अब्जांश भागापेक्षाही पुष्कळ कमी असून पिण्याच्या पाण्यासाठी अ. सं. संस्थानांत सुचविलेल्या लिटरमागे ०.१ मिग्रॅ. या मर्यादेच्या तुलनेत नगण्य आहे. तरीही दीर्घ मुदतीच्या बीजनात माती व जलाशयांतील गाळ यांची नियमित तपासणी इष्ट मानतात. एका खोऱ्यात बीजन केल्याने पुढच्या प्रदेशाचा पाऊस चोरला जातो, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. परंतु वाऱ्याच्या दिशेतील प्रदेशात वर्षण घटल्याचा निश्चित पुरावा मिळालेला नाही.

पुराची भीती मात्र लोकांच्या मनात खोल रुजलेली आहे. डिसेंबर १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील फेदर नदीस आलेल्या पुरात युबा सिटी शहराची मोठी हानी झाली. नदीच्या वरच्या भागात वीज कंपनीसाठी बीजन होत असल्याने नुकसानभरपाईचा दावा लावण्यात आला. १९६४ मध्ये न्यायालयाने बीजन हे पुराचे कारण नसल्याचा निकाल दिला. ९ जून १९७२ रोजी ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागातील रॅपिड सिटी येथे पुरात २३८ लोक मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी त्या भागात बीजनाचा प्रयोग झालेला असल्याने मोठा वाद उद्भवला. टास्मेनियात जून २०१६ मधील पुराच्या आदल्या दिवशी बीजनाचे उड्डाण झाले होते. त्यावर टीका होऊन पुढे तेथील कार्यक्रम बंद पडला. बीजनाचा परिणाम काही टक्क्यांचाच असेल, तर महापुराचे खापर त्यावर फोडता येत नाही. परंतु पाणी वाढविल्याचे श्रेय घेणाऱ्या संस्थेस पुराच्या वेळी जबाबदारी नाकारणे अवघड जाते. यासाठी हिमलोट किंवा पूर यांचा धोका असताना आणि बर्फाचा थर ठराविक मर्यादेबाहेर गेल्यावर बीजन थांबविण्याची अट परवान्यात घालतात. अ. सं. संस्थानांत १९७१ च्या कायद्यान्वये अशा प्रत्येक कार्यक्रमाची माहिती केंद्र शासनास कळवावी लागते. परवाने मात्र राज्ये देतात. टेनेसी (२०२४) व फ्लॉरिडा (२०२५) या राज्यांनी हवामान-परिवर्तनास कायद्याने बंदी घातली आहे. हवामानात बदल घडविण्याच्या तंत्रांचा युद्धात किंवा वैरभावाने वापर करण्यास १९७७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने मनाई केलेली आहे.

भारत : भारतातील मेघबीजनाचा भर पर्वतीय बर्फापेक्षा मॉन्सूनच्या मेघांवर राहिला आहे. १९५१ मध्ये टाटा उद्योगसमूहाने पश्चिम घाटात भूस्थित जनित्रांनी सिल्व्हर आयोडाइडाचे बीजन करून पाहिले. परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मेघांचा बराच भाग शून्य अंशापेक्षा उबदार असतो. त्यात हिमकेंद्रके निरुपयोगी ठरतात. तेथे मिठासारखे आर्द्रताशोषक कण सोडून मोठे जलबिंदू निर्माण करावे लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने बारामती परिसरात १९७३ ते १९८६ या काळातील अकरा मॉन्सून हंगामांत विमानातून मिठाचे बीजन केले, तेव्हा सु. २४ टक्के वाढ आढळली. याच संस्थेने सोलापूर परिसरात २०१७ ते २०१९ या काळात केलेल्या यादृच्छिक प्रयोगात योग्य मेघांच्या बाबतीत सु. १८ टक्के वाढ नोंदविली. महाराष्ट्र शासनानेही २००३, २०१५ व २०१९ या वर्षी अवर्षणग्रस्त भागांत बीजन करविले. उबदार मेघांवरील हे निष्कर्ष हिमाच्छादित पर्वतांना किंवा तेथील निष्कर्ष सह्याद्रीला लागू करता येत नाहीत. प्रत्येक पर्वतरांगेवरील मेघांचे तापमान, त्यांतील पाणी व वाऱ्याचा प्रवाह यांचे काही वर्षे मोजमाप करूनच तेथे बीजन उपयुक्त ठरेल किंवा नाही, हे ठरविणे योग्य होय.